पंचवीस फुटांवरची खूण

फोन वाजला तेव्हा मी दादरच्या पेट्रोल पंपावर जीपच्या चाकांत हवा भरून घेत होतो. पडद्यावर ‘सुगंधाताई लाइट’ असं नाव आलं. मी नेहमीसारखं म्हटलं, “बोला ताई, आता काय चुकलं माझं?”  पलीकडून त्यांच्या मुलाचा, राहुलचा आवाज आला. “काका, आई गेली. सकाळी.” दोन दिवस ताप होता, तिसऱ्या दिवशी पहाटे छातीत दुखलं आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं, असं त्याने सांगितलं. वय अवघं त्रेपन्न... पंपावरचा माणूस हवा भरून झाली म्हणून दोनदा सांगत होता. मी त्याला हो म्हणत होतो आणि तिथेच उभा होतो.

या गोष्टीला आता पाच आठवडे झाले. सुगंधा तांबे हे नाव या पुरवणीच्या वाचकांनी ऐकलेलं असण्याचं कारण नाही. डिलाईल रोडला एका चाळीच्या तळमजल्यावर त्यांचा छोटा गाळा होता, गाड्यांच्या वायरिंगचा. वडील गिरणीच्या इलेक्ट्रिक खात्यात होते. त्यांच्याकडून टेस्टर धरायला शिकल्या, मग आयटीआयला वायरमनचा कोर्स केला आणि लग्नानंतर हा गाळा घेतला. आधी टॅक्सीवाले यायचे. पुढे डोंगरात गाड्या घालणाऱ्या हौशी लोकांची वर्दळ वाढली आणि बाई एलईडीचे जादा दिवे बसवण्यात तरबेज आहेत, हे तोंडोतोंडी पसरलं. गाळ्यात समोरच बुद्धाची छोटी मूर्ती होती, बाजूला वायरींची रंगीत भेंडोळी, आणि कितीही काम असलं तरी फरशीवर वायरीचा एक तुकडा पडलेला दिसायचा नाही.

मी चाळीस वर्षं एका वास्तुविशारदाच्या कचेरीत नकाशे काढले. एखादी रेघ केसभर वाकडी असली तर मला त्या दिवशी जेवण गोड लागत नसे. निवृत्त झाल्यावर मी एक जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह जीप घेतली आणि समवयस्क मित्रांबरोबर सह्याद्रीतल्या कच्च्या वाटा तुडवायला लागलो. माझी बायको हेमा या प्रकाराला ‘नाकापेक्षा मोती जड’ म्हणते. एकदा बंपरवर नवे बसवलेले दोन दिवे लावले आणि जळका वास आला, तेव्हा मित्राने मला ताईंकडे धाडलं. त्यांनी बॉनेट उघडलं. आधीच्या माणसाने वायर बॅटरीपासून थेट दिव्यांना नेली होती, मध्ये फ्यूजच नव्हता. त्याच्याबद्दल ताई एक अक्षर बोलल्या नाहीत. सगळं कापून काढलं आणि पहिल्यापासून नवं केलं. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर, मग बटणावरचा भार घेणारा रिले, पत्र्यातून वायर जाते तिथे रबर. मी काही न विचारता त्या एकेक सांगत होत्या, आणि मला कचेरीतले माझे जुने साहेब आठवत होते.

भांडण झालं ते बटणावरून. मला दिव्यांचं बटण वेगळं हवं होतं, मनात येईल तेव्हा लावायला. त्यांनी दिवे गाडीच्या अपरला, लांबच्या झोताला, जोडले. म्हणजे अपर लावला तरच ते लागणार आणि समोरून गाडी आली म्हणून झोत खाली घेऊन डिपर केला की आपोआप विझणार. शहरात दिव्यांवर झाकणं लावायची, हीसुद्धा त्यांची अट. मी हुज्जत घातली, गिऱ्हाईक मी आहे याची आठवण करून दिली. त्या स्क्रू पिळत शांतपणे म्हणाल्या, “समोरनं येणारा पण घरीच चाललेला असतो ना काका?” मी वेगळं बटण पुन्हा मागितलं नाही. पण पुढची दोन वर्षं माझं दुखणं निराळंच होतं, ते मी त्यांना काय, हेमालाही सांगितलं नव्हतं.

मला दिसेनासं झालं होतं. दिव्याभोवती धुकट कडी दिसायची, सूर्य बुडला की रस्ता गढूळ व्हायचा. मोतीबिंदू असणार हे कळण्याइतका मी शहाणा होतो आणि डॉक्टरकडे न जाण्याइतका मूर्ख. झाकली मूठ सव्वा लाखाची! एकदा पहाटे जुन्नरच्या बाजूला कच्च्या रस्त्यावर डोक्यावर भारा घेतलेली एक बाई मला अगदी बंपरपाशी आल्यावर दिसली. ब्रेक लागला, ती वाचली, मला एक शिवी हासडून निघून गेली.  आणि यावर या गृहस्थाने काय उपाय शोधावा? मी आणखी दोन दिवे विकत आणले.

“चार कशाला? जत्रा आहे काय?” ताई म्हणाल्या. मी काहीतरी थाप मारली. त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि कामाला लागल्या. दिवे बसवून झाले तोवर तिन्हीसांजा झाल्या. त्यांच्या गाळ्यासमोर एक लांब भिंत आहे. गाडी तिच्यापासून पंचवीस फुटांवर उभी करायची, भिंतीवर खडूने गणितातल्या अधिकची खूण करायची आणि उजेडाचा मध्य त्या खुणेवर येईपर्यंत दिव्याचा स्क्रू फिरवायचा, अशी त्यांची पद्धत होती. मी आत बसलो होतो, त्या बंपरपाशी वाकल्या होत्या. “सांगा हं, खुणेवर आला की.” मला समोर नुसता पांढरा लोट दिसत होता. मी अंदाजाने म्हटलं, “बास, बरोबर आहे.” त्यांनी मान वर करून भिंतीकडे पाहिलं. दिवा आणखी फिरवला, पुन्हा विचारलं. मी पुन्हा म्हटलं, बरोबर. मग त्या हातात फडकं घेऊन भिंतीपर्यंत गेल्या आणि परत आल्या. मला वाटलं, धूळ पुसली असेल.

“आता? आला का खुणेवर?”

“आला. अगदी बरोबर आहे.”

 त्या माझ्या दाराशी आल्या, हात आत घालून दिवे बंद केले, किल्ली काढून घेतली आणि हळू आवाजात, शेजारच्या गाळ्यात ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाल्या, “काका, खूण मी आत्ताच पुसून आले.”

 आयुष्यभर केसभर वाकडी रेघ पकडणारा माणूस मी, आणि नसलेल्या खुणेवर उजेड बरोबर पडलाय म्हणून ग्वाही देत होतो. त्यांनी बॉनेट उघडून जादा दिव्यांचा फ्यूज काढला, एका पत्र्याच्या डबीत टाकला. म्हणाल्या, डोळे दाखवून या, मग लावते. मला राग आला. जीप माझी, दिवे माझे, असं काहीबाही मी बोललो. “आणि रस्ता?” त्यांनी विचारलं. किल्ली त्यांनी माझ्या हातात दिलीच नाही. नुकत्याच बँकेतून आलेल्या राहुलला हाक मारली आणि त्याने मला जीपसकट दादरला आणून सोडलं. हेमाने विचारलं तेव्हा तो म्हणाला, बॅटरी उतरली होती. असं सांगायचं हे त्याला आईने निघताना बजावलं होतं, ते मला मागाहून कळलं.

अकरा दिवस मी धुमसत होतो. बाराव्या दिवशी चार शब्द सुनवायचे म्हणून फोन केला आणि भलतंच बोलून बसलो... माझ्या वडिलांचं. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डोळ्यात पू झाला आणि तो डोळा गेला. दुसऱ्याला हात लावू देण्याची त्यांची छाती झाली नाही. पुढची अठरा वर्षं ते गिरगावच्या आमच्या घरात भिंत चाचपत चालले. पलंगापासून दारापर्यंत भिंतीला त्यांच्या बोटांची तेलकट रेघ उमटली होती. ती रेघ मी रोज बघत मोठा झालो. हे मी हेमाला कधी सांगितलं नव्हतं. ताईंनी सगळं ऐकून घेतलं. आता जमाना बदलला, हल्ली काही नसतं त्यात, असं त्या म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, “भीती खरी आहे तुमची. पण तिला गाडी चालवायला देऊ नका. तारीख घ्या, मी येते.”

आणि आल्या. गाळ्याचं शटर ओढून परळच्या इस्पितळात हेमाशेजारी दिवसभर बसल्या. तोवर हेमाला मीच सगळं सांगितलं होतं आणि यथेच्छ बोलणी खाल्ली होती. त्या दोघींनी ताईंच्या डब्यातली भाकरी आणि सुकटीची चटणी वाटून खाल्ली आणि माझ्या हट्टीपणाचे दाखले एकमेकींना दिले, असं ऐकतो. दुसऱ्या डोळ्याच्या वेळीही त्या होत्या. आमच्या स्वयंपाकघराची भिंत पिवळी नसून पांढरी आहे, हे मला त्यानंतर समजलं.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर मी जीप घेऊन गेलो. ताईंनी डबीतून फ्यूज काढून जागेवर बसवला आणि नंतरचे दोन दिवे खोलून टाकले. “आता कशाला लागतायत?” ते दोन दिवे वरळी कोळीवाड्यातल्या त्यांच्या मैत्रिणीच्या होडीवर गेले. मग त्यांनी ऑइलपेंटचा डबा आणला, भिंतीवर पांढरी अधिकची खूण रंगवली आणि स्क्रू ड्रायव्हर माझ्या हातात दिला. “ही आता पुसली जायची नाही. तुम्हीच करा.” मी केलं. माझं होईपर्यंत त्या हात पुसत उभ्या होत्या.

मी आज हा लेख चष्म्याशिवाय लिहितोय. डोळे डॉक्टरांनी दुरुस्त केले हे खरंच, पण मला त्यांच्यापर्यंत पोचवलं ते या बाईने, आणि माझी लाज चव्हाट्यावर न मांडता. मी पुढे कुणाला गाडीखाली घेतलं असतं, तो माणूस आपल्या घरी सुखरूप आहे. त्याला ताईंचं नाव माहीत असण्याचा प्रश्नच नाही. मला माहीत आहे, आणि मी ऋणी आहे.

ताईंच्या मागे बौद्ध रीतीने झालेल्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी जीप घेऊनच गेलो. पटांगणात माणसं मावत नव्हती. टॅक्सीवाले होते, डोंगरातले मित्र होते, वरळीची मैत्रीण होती. संध्याकाळी लोक पांगल्यावर मी गाडी त्या भिंतीसमोर नेली. गेल्या सहलीत दगड लागून डावा दिवा हलला होता. तो ताईंना दाखवायचा राहिला होता... गाळ्याचं शटर बंद होतं. मी खुणेकडे पाहिलं. तिची आडवी रेघ उजवीकडे जरा उतरलेली आहे आणि खाली रंगाचा एक ओघळ सुकलेला आहे. हे मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, तेव्हा त्या खुशीत येऊन हसल्या होत्या. मी दिवे लावले, उतरून वाकलो, स्क्रू फिरवत गेलो आणि उजेड त्या वाकड्या रेघेवर आला तेव्हा थांबलो. विचारणारं कुणी नव्हतं. तरी मी मोठ्याने म्हणालो, “आला ताई. बरोबर आहे.”

या वेळी तो खरंच आला होता.