पुढच्याला चेंडू

ओमानमधल्या सलालाहमध्ये आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या ऑस्ट्रियन कोचइतका निःस्वार्थी माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नाही, आणि देव करो, पुन्हा पाहायला न मिळो. उमेदीच्या काळात तो तिकडे मिडफिल्डर होता, म्हणजे मैदानाच्या मध्यावर राहून पुढच्यांना चेंडू पुरवणारा. गुडघ्यांनी राम म्हटल्यावर इथल्या मुलांना शिकवायला आला, पण मिडफिल्ड काही सुटलं नाही. "आलेली वस्तू जवळ ठेवायची नाही," हे त्याचं ब्रह्मवाक्य. आमच्याकडे गणपतीत त्याच्या हातात मोदकांचं ताट दिलं, तर त्याने खांद्यावरून मागे एक नजर टाकली आणि ताट क्षणात शेजारच्या काकूंकडे सरकवलं. काकूंनी आग्रहाने परत दिलं, तर ते पलीकडच्या जोशीकाकांकडे. ताट हॉलभर हिंडलं आणि कोच उपाशी. चेहरा मात्र असा तृप्त, की सगळे मोदक त्यानेच खाल्ले असावेत. बायको हवालदिल होऊन म्हणाली, "अहो, या माणसाला वाढायचं तरी कसं?"

आमची सई त्याच्याच हाताखाली खेळायची. त्या टीमचे पास बघून डोळ्यांचं पारणं फिटायचं, पण गोल कुणी करेल तर शपथ! समोरचा गोलकीपर घसरून आडवा झालेला असला, तरी आमची मुलं 'आधी तू, आधी तू' करत चेंडू एकमेकांना देत बसायची. अकादमीच्या मालकाने, म्हणजे अर्बाबने, शेवटी कोचला बजावलं, "एक मॅच जिंक. नाहीतर खलास, परतीचं तिकीट."

ती मॅच खरीफच्या, म्हणजे इथल्या पावसाळ्याच्या, धुक्यात झाली. आम्ही पालक तर बराच वेळ समोरच्याच टीमसाठी टाळ्या वाजवत होतो. गोल कुणाचाच नाही. अगदी शेवटी सई चेंडू घेऊन एकटीच सुटली. गोल मोकळा. मी ओरडलो, "मार गं!" अर्बाब ओरडला, "यल्ला!" सईने खांद्यावरून मागे पाहिलं आणि धुक्यात एक देखणा पास दिला. तिथे कुणीही नव्हतं. शिट्टी वाजली.

कोच लंगडत मैदानात धावला. "काय पास होता!"

"कुणाला?" अर्बाबने विचारलं.

"तिथे कुणीतरी असायला हवं होतं," कोच म्हणाला.

तो निघाला त्या दिवशी सई जिन्यात रडत बसली होती. "बाबा, बिकॉज ऑफ मी कोच जातायत." तो बॅग ठेवून, गुडघे सांभाळत तिच्या शेजारी पायरीवर बसला. "चूक माझी," तो तिला म्हणाला. "कुणी नसेल तेव्हा आपणच मारायचं असतं. ते शिकवायचं राहिलं. मलाही कधी जमलं नाही ते." इतकी वर्षं मी त्याची चेष्टा केली, पण त्या क्षणी मला फार भरून आलं.

परवा सईने पहिला गोल मारला. मी लगेच त्याला व्हिडिओ पाठवला. उत्तर आलं, "शाबास! पास कुणी दिला?"

आमच्यापैकी कुणीच पाहिलं नव्हतं. मी आणि सई तो व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून बघायला बसलो.