पालघरचे विलायती हातमोजे

साठच्या दशकात तारापूरला वीजकेंद्र उभं राहत होतं, तेव्हा मी तिथल्या परदेशी कंत्राटदाराच्या स्टोअरमध्ये कारकून होतो. बोटीने येणाऱ्या सामानावर सरकारने ड्यूटी माफ केली होती. अटी दोनच. ते सामान याच कामावर वापरायचं, आणि जे इथे चांगलं मिळतं ते इथूनच घ्यायचं. पहिली अट पाळली जाते की नाही हे बघायला कस्टमचा माणूस येई. दुसरीसाठी कोणीच येत नसे. त्यामुळे आमच्याकडे वेल्डरचे चामडी हातमोजेसुद्धा समुद्र ओलांडून येत.

एक दिवस पालघरच्या बाजारातली एक मावशी डझनभर हातमोजे घेऊन आली. तिचं चामड्याच्या पिशव्यांचं दुकान होतं. नवरा शिवायचा आणि बोलायचं सगळं काम ती करायची. मी तिला आमच्या गोऱ्या साहेबांपुढे उभं केलं. त्यांनी हातमोज्यांकडे नुसतं पाहिलं आणि म्हणाले, "लोकल माल आठवड्यात फाटतो. सांग तिला."

मी सांगितलं.

"हात घातला का त्यांनी?" मावशीने विचारलं.

"नाही."

"मंग फाटतो ते कसं कललं?" असं म्हणून तिने बोचकं माझ्या टेबलावर ठेवलं. "ऱ्हाऊ दे तुमच्याकडं, भाऊ. काय करायचं ते करा."

काय करायचं हे मला लगेच सुचलं. स्टोअरमागे परदेशी शिक्क्यांचे रिकामे खोके पडलेले असत. त्यातला एक उचलून मी मावशीचा माल त्यात रचला, वरून तिकडचाच भुसा पसरला आणि खोका बाकीच्या खोक्यांत सरकवून दिला. वेल्डरांनी हातमोजे नेले. साहेबांनीही स्वतःसाठी एक जोड उचलला आणि दुसऱ्या दिवशी मला बोटं हलवून दाखवली. "हा लॉट आधीच्यापेक्षा चांगला आहे. अंगठा बरोबर बसतो." मी गंभीर चेहऱ्याने मान डोलावली आणि मागे जाऊन पोटभर हसलो.

माझं हसू पुढच्या तपासणीपर्यंतच टिकलं. कस्टमचे अधिकारी आले, त्यांनी हातमोजे मोजले, आणि बोटीतून उतरले त्यापेक्षा ते डझनभर जास्त निघाले. खोका परदेशी, शिक्का परदेशी, कागद मात्र नाही.

"हा माल ड्यूटी चुकवून आणलाय," ते म्हणाले. साहेब कानापर्यंत लाल झाले. हे सामान त्यांनी मागवलंच नव्हतं आणि त्यातलाच एक जोड त्यांच्या हातात होता.

मी घसा साफ करून खरं काय ते सांगितलं. दोघांचाही विश्वास बसला नाही. अधिकाऱ्यांनी शिवण निरखली आणि म्हणाले, "हे पालघरचं काम? मला शिकवू नका." शेवटी जीप पाठवून मावशीला बोलावून घेतलं.

ती पदर खोचतच उतरली. मी तिला सगळं सांगितल्यावर ती अधिकाऱ्यांकडे वळली. "काय म्हनता साहेब, हा माल कुठला हाय?"

"परदेशी."

"नक्की?"

"वीस वर्षं माल बघतोय मी."

"मंग ह्या गोऱ्या साहेबांना त्यांच्या बोलीत सांगा ना जरा."

त्यांनी इंग्रजीत सांगितलं. मावशीने ते डोळे मिटून ऐकून घेतलं, कीर्तन ऐकावं तसं. मग साहेबांच्या हातातला हातमोजा ओढून काढला आणि आतली बाजू बाहेर केली. अस्तर पांढऱ्या मांजरपाटाचं होतं. त्यावर निळ्या शाईत ठळक मराठी अक्षरं होती: गव्हाचा आटा.

"पिठाच्या पिशव्या हायत," ती म्हणाली. "धुवून घेतल्या मी. कापड मऊ लागतंय."

अधिकाऱ्यांनी ते दोनदा वाचलं. साहेबांनी मला अर्थ विचारला. मी सांगितल्यावर ते आपल्या तळहाताकडे बघत राहिले आणि मग इतके हसले की त्यांना खोक्यावर बसावं लागलं.

हसणं थांबल्यावर त्यांनी मला यथेच्छ झापलं आणि त्यानंतर ऑर्डर लिहायला सांगितली. फक्त अस्तर कोरं हवं, असं ते म्हणाले. मावशी तयार नव्हती. "कोरं लावते, पन कस्टमवाले परत आले तर मला बोलावू नका. मी नाय येनार." साहेबांनी अधिकाऱ्यांकडे पाहिलं आणि अक्षरं राहू द्या म्हणाले.

काम वाढल्यावर मावशीने सालवडच्या दोन बायका शिवायला घेतल्या. पुढे वेल्डरांचे चामडी एप्रनही तिच्याकडूनच येऊ लागले. कस्टमच्या अधिकाऱ्यांनी मोटारसायकलसाठी एक जोड खास करून घेतला. भर वैशाखात ते हातमोजे घालून बोईसरच्या रस्त्याने जाताना मी त्यांना पाहिलंय. घामाने भिजले होते, पण काढायला तयार नव्हते.