पट्टीकाकू आणि जपानची मयुरी

पट्टीकाकूंच्या कानांना सुट्टी नसे. दहिवलीतल्या आपल्या पहिल्या मजल्यावरच्या घरात बसून त्या सगळ्या आळीचे सूर तपासत. गॅसचा टेंपो वाजत आला की म्हणत, "आज हा अर्ध्या सुराने उतरलाय." शेजारच्या कुकरची शिट्टी झाली की, "सुरात आहे, पण लय नाही." आई मला पहिल्यांदा त्यांच्या गाण्याच्या क्लासला घेऊन गेली, तेव्हा तिचं सगळं बोलणं शांतपणे ऐकून घेऊन काकू म्हणाल्या, "आवाज गोड आहे हो तुमचा. पण वाक्य संपताना खाली का येता?" त्यानंतर कितीतरी दिवस आई घरात प्रत्येक वाक्य प्रश्न विचारल्यासारखं संपवत होती. बाबा बिचारे उत्तरं देत राहिले.

पेटीच्या ज्या सुराला आपला सा मानून माणूस गातो, ती त्याची पट्टी. ती ज्याच्या-त्याच्या गळ्याप्रमाणे वेगळी असते, हे इतर शिक्षकांना मान्य असावं. काकूंच्या क्लासात पट्टी एकच, काळी पाच, म्हणजे पेटीवरची पाचवी काळी. चांगली उंच. तिच्या खाली गाणं म्हणजे त्यांच्या लेखी पुटपुटणं. "वर बघा, वर! सा काय जमिनीवर सांडलाय?" असं त्या ओरडल्या की आम्ही आधी माना उंच करायचो, मग भुवया, आणि शेवटी टाचा. एका वर्षी परीक्षेला आलेल्या परीक्षकांनी आमचं गाणं निम्म्यावर थांबवून सगळ्यांना पाणी हवंय का विचारलं. काकूंनी ती दाद समजली.

स्वतः काकू मात्र गात नसत. भिंतीवर त्यांचा तरुणपणीचा फोटो होता, हातात स्पर्धेतली ढाल, मान अर्थातच वर. ती ढाल त्यांनी काळी पाचमध्ये गाऊन मिळवली होती. चाळिशीनंतर तो सूर लागेनासा झाला, आणि खालच्या पट्टीत गाण्यापेक्षा त्यांनी गाणंच थांबवलं. कोणी आग्रह केला की गळ्यावर हात ठेवून म्हणत, "हा आता फक्त शिकवण्यासाठी राखून ठेवलाय."

आमच्यात वयाने मोठ्या होत्या त्या सुमनताई. कोंडाण्याच्या शेतकरी घरातल्या. खालापूरला एका कारखान्याच्या ऑफिसात नोकरी करायच्या आणि संध्याकाळी स्कूटीवरून थेट क्लासला यायच्या. त्यांचा आवाज जाड, खोल, तांब्याच्या हंड्यातून आल्यासारखा. काळी पाचमध्ये त्या आवाजाचे जे हाल होत, ते बघवत नसत. वरच्या सुरावर चढता चढता त्यांचा चेहरा लाल व्हायचा आणि सूर मधेच तुटायचा.

"काकू, वरचा लागत नाय ओ."

"डोंगरावर राहता आणि वर जायला काय होतं?"

"आमी डोंगरावर नाय, पायथ्याला राहतो," सुमनताई कपाळ पुसत म्हणायच्या.

मी त्या वेळी कॉलेजात होते आणि मियुरीच्या भक्तीत बुडालेली होते. मियुरी ही जपानची पॉप गायिका. गुलाबी फ्रॉक, केसांना फिती, बरोबर तशाच बारा-पंधरा मुली आणि आवाज असा, की काचेच्या बांगड्या फरशीवर पडाव्यात. कर्जत तालुक्यात तिच्या चाहत्या दोनच, मी आणि माझी मैत्रीण तेजल. तरीही आमच्यात दोन गट होते.

एकदा भर क्लासात माझा फोन वाजला आणि मियुरीने काकूंच्या खोलीत पहिली किंकाळी फोडली.

"कोण आहे ही?"

"मियुरी, काकू. जपानची आहे."

"मयुरी? गळा चिमटीत धरून गातेय बिचारी." काकूंनी पेटीवर सूर तपासला आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. "पण काळी पाच आहे हं! सुमन, बघा. ती जपानची पोर, पण वर जाते." त्या दिवसापासून सुमनताईंच्या छळाला परदेशी पाठबळ मिळालं.

मग मियुरीने तिचा गट सोडला. वर्षभर तिचा आवाज नाही, फोटो नाही. तेजलने उपास धरला, मी कविता केल्या. दोन्हींचा परिणाम तेवढाच झाला. शेवटी तिचा नवा अल्बम आला आणि आम्ही हादरलो. फिती नाहीत, फ्रॉक नाही, उड्या नाहीत. साध्या काळ्या सदऱ्यात एका स्टुलावर बसून बाई गातेय, आणि तेसुद्धा खाली, चांगली तीन-चार सुरांनी खाली. "संपली गं," तेजल म्हणाली. जिला संगीतातलं सगळ्यात जास्त कळतं आणि जी माझ्यासारखीच चिडेल, अशी एकच व्यक्ती मला ठाऊक होती. मी फोन घेऊन काकूंकडे गेले.

काकूंनी पहिलं गाणं ऐकलं. "ही तीच?" म्हणाल्या. मी हो म्हटलं. त्या बराच वेळ पेटीच्या पट्ट्यांवरून नुसतीच बोटं फिरवत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "उतरली. गेली कामातून." मी समाधानाने घरी आले.

पुढच्या क्लासला मी चप्पल काढतेय तोच आतून आवाज आला, "ते जपानी परत लाव." त्या दिवशी आम्ही रोजचे सरावाचे पलटे घोटलेच नाहीत. काकूंनी एकच गाणं पुन्हा पुन्हा ऐकलं. दर वेळी डोळे जास्त बारीक. मधेच हात वर करून म्हणाल्या, "थांबव. इथे ऐक. पूर्वी ही सूर टोचायची, आता ठेवते. पूर्वी ओळीच्या शेवटी उडी मारून पळायची, आता शेवटचा सूर घरापर्यंत पोचवते. आणि श्वास घेतलेला ऐकू येतोय बघ. लपवत नाही मुलगी." मग एकदम माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "खाली का उतरली पण? डॉक्टरांनी सांगितलं?"

तिची एक मुलाखत मी भाषांतराच्या पट्ट्या वाचून पाहिली होती. "नाही काकू. ती म्हणाली, माझा आवाज मोठा झाला होता आणि मी त्याला लहान मुलीचे कपडे घालत होते."

"म्हणजे स्वतःहून?"

"स्वतःहून."

काकू उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि कोणी मागितलेला नसताना सगळ्यांसाठी चहा टाकला. चहा झाल्यावर पेटीवर बोट खाली सरकवत सुमनताईंना म्हणाल्या, "पांढरी चार घ्या बघू." सुमनताईंना वाटलं आपल्याला नापास केलं. त्यांनी भीतभीत सा लावला. त्या खोलीत तसा सा मी तोवर कधी ऐकला नव्हता. भिंतीवरच्या फोटोतल्या ढालीलाही तो ऐकू गेला असावा. काकू उलट सुमनताईंनाच रागावल्या, "एवढा आवाज होता तर बोलायचं नाही का?"

"बोलत हुते की ओ काकू! रोज बोलत हुते," सुमनताई म्हणाल्या.

मियुरीच्या त्या गाण्यात म आणि नी नाहीत, म्हणजे भूप रागाचेच सूर, असं काकू सहज बोलून गेल्या. ते गावच्या संगीत मंडळाच्या अध्यक्षांच्या कानावर गेलं. अध्यक्ष पेशाने वकील होते आणि तालाची सम यायच्या आधीच "क्या बात है" म्हणण्याबद्दल प्रसिद्ध होते. त्यांनी दोन दिवसांत सिद्ध केलं, की कोंडाण्याच्या लेण्यांतले भिक्षू पूर्वी जपानला गेले, ते जाताना भूप घेऊन गेले. पुरावा विचारल्यावर ते म्हणाले, "नेला नसेल याचा पुरावा तुम्ही द्या." गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमाचा फलकही त्यांनी परस्पर छापून आणला, 'भूपाचा प्रवास : कोंडाणे ते क्योटो'. काकू संतापल्या. "मी गाणं शिकवते, पासपोर्ट काढून देत नाही!" पण हॉल अध्यक्षांच्या ओळखीने मिळाला होता, त्यामुळे फलक राहिला.

कार्यक्रमात अध्यक्षांनी मियुरीचा उल्लेख 'आपली जपानस्थित भगिनी' असा केला. भाषण लांबलं. नंतर सुमनताई बसल्या, काकू पेटीवर. पांढरी चारमध्ये भूप सुरू झाला आणि मागच्या रांगेतल्या गप्पा थांबल्या. सुमनताईंच्या गावाहून टेंपो करून आलेली माणसं आपल्याच घरातल्या बाईकडे ती कोणीतरी वेगळी असावी तशी बघत होती. अध्यक्षांनी समेच्या आधी दाद दिली, तीसुद्धा कोणाला खटकली नाही.

टाळ्या झाल्या. सुमनताई उठू लागल्या तर काकूंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून बसवलं. "तंबोरा चालू राहू दे," म्हणाल्या, आणि माईक स्वतःकडे ओढला.

पहिला सा चिरकला. सभागृहात कोणीतरी खोकलं. काकू थांबल्या, पाणी प्यायल्या आणि त्याच पट्टीत, सुमनताईंच्या पट्टीत, पुन्हा सा लावला. या वेळी तो राहिला. आवाज जुना होता, कडेला विरलेला होता, मधे मधे श्वास मोठ्याने ऐकू येत होता. त्यांनी ओळी घाई न करता म्हटल्या आणि प्रत्येक ओळ शेवटपर्यंत नेली. मी काकूंना पहिल्यांदाच गाताना ऐकत होते, आणि त्या पूर्ण वेळ खाली, पेटीकडे बघत होत्या. सुमनताईंचे डोळे भरून आले होते. काही पालक मात्र मोबाइलवर रिक्षावाल्याला फोन लावत बाहेर गेले.

पुढच्या आठवड्यात 'काकूंचा आवाज गेला' ही बातमी गावात झाली आणि क्लास निम्मा रिकामा झाला. ज्या आया मुलींना उंच सुरात गायला लावण्यासाठी पाठवत होत्या, त्यांना उंची हवी होती. काकूंना लागलं. एके दिवशी पेटीची खोळ सारखी करत त्यांनी मला विचारलं, "मयुरीचेही लोक गेले ना गं?"

"गेले काकू. आमची तेजलसुद्धा गेली."

"मग नवे आले?"

"काही आले."

"काही पुरेत," त्या म्हणाल्या आणि उरलेल्यांना ज्याच्या-त्याच्या पट्ट्या शोधून द्यायला बसल्या. त्यातही त्यांचा स्वभाव गेला नाही. पूर्वी जशा वर जा म्हणून ओरडायच्या, तशाच आता "स्वतःच्या आवाजात गा!" म्हणून ओरडायला लागल्या. मुली आधीइतक्याच घाबरत.

पुढे गुडघ्यांनी जिना नको म्हटलं आणि काकू खोपोलीला मुलीकडे राहायला गेल्या. मीही नोकरीसाठी लांब गेले. फोनवर त्या मयुरीची खबर विचारत, जशी एखाद्या सासरी गेलेल्या शिष्येची विचारावी. एकदा मोठ्या आनंदात म्हणाल्या, "अगं, माझ्या गाण्याची सोसायटीत लेखी तक्रार झाली! समोरच्या गॅलरीतल्या गृहस्थांनी केली. रोज संध्याकाळी गाते ना मी. आजवर माझ्या गाण्यावर इतकं बारीक लक्ष कोणी दिलं नव्हतं."

गेल्या हिवाळ्यात काकू गेल्या. शोकसभेत अध्यक्षांनी त्यांना 'तार सप्तकात विलीन' केलं. सुमनताई सगळ्यांत मागे बसल्या होत्या.

महिन्याभराने काकूंच्या मुलीचा फोन आला. तक्रार करणारे ते समोरचे गृहस्थ घरी आले होते. काकू संध्याकाळी गायच्या ते कोणतं गाणं होतं, हे त्यांना हवं होतं. मुलीला ते माहीत नव्हतं. शब्द नसायचे, नुसते सूर असायचे, एवढंच ती सांगू शकली. तिने दोन ओळी गुणगुणल्या आणि मी लगेच ओळखलं. मियुरीचंच होतं, नव्या अल्बममधलं. मी त्या गृहस्थांना मूळ गाणं पाठवून दिलं. मियुरीचं आजवरचं सगळ्यात मुरलेलं गाणं आहे, असंही वर लिहिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांचं उत्तर आलं.

"ऐकलं. चांगलं म्हणते ही बाई. पण हे ते नव्हे हो. काकूंचं वेगळं होतं."