ऐकलेली कुस्ती

हरलेल्या कुस्तीची साखर मी एकदा अख्ख्या गल्लीत वाटून आले आहे. स्वतःच्या हातांनी, डोईवरचा पदर सावरत आणि चेहऱ्यावर असा तोरा, की जणू आखाड्यात मीच उतरले होते. आता आमच्या घरात रेडिओ आला आहे. तो तापला की धूळ आणि लाकूड भाजल्यासारखा एक वास सुटतो, त्यातून आधी खरखर आणि मग माणसाचा आवाज येतो, आणि नातवंडं त्याच्याभोवती कोंडाळं करून क्रिकेट ऐकत बसतात. परवा त्यांच्यात वाद पेटला, ऐकायला खेळ कुठला चांगला. मला विचारलं, तेव्हा ही साखर आठवली.

क्रिकेट ऐकायला बरं, हे मी मान्य केलं. एक चेंडू टाकून झाला की दुसरा येईपर्यंत वाटीभर तांदूळ निवडून होतात. फुटबॉलात सांगणाऱ्यालाच धाप लागते, आपल्याला वाटतं त्याला आधी पाणी द्यावं. धावण्याची शर्यत तर आपण कान देईतो संपलेली असते. पण कुस्ती? नातू म्हणाला, "आजी, दोन माणसं एकमेकांना धरून उभी. त्यात सांगणार काय?" लबाड खरं तेच बोलला होता. मी तांदळाच्या सुपात मान घातली, कारण कुस्ती सांगण्याचं काम या घरात रेडिओच्या कितीतरी आधी मी करून बसले होते, आणि ते किती वाईट केलं हेही मला पक्कं ठाऊक होतं.

तेव्हा महाराजांचं राज्य होतं. ज्यांनी कोल्हापूरच्या मातीला कुस्तीचं वेड लावलं, त्या महाराजांचं. मी पेठ वडगावहून नवी सून होऊन आलेली, अंगाने काडी आणि अकलेने त्याहून बारीक. मामंजी एकेकाळचे नावाजलेले मल्ल, पण मोतीबिंदू पिकून दोन्ही डोळे गेलेले. ज्या मैदानात आपल्या पायांनी छाती काढून गेलो, तिथे कुणीतरी हात धरून न्यावं, हे त्यांना सोसणारं नव्हतं. धाकट्या भाऊजींना त्यांनी स्वतः घडवलं होतं, नुसत्या हातांनी चाचपून, खांद्यावर थाप मारून आवाजावरून ताकद ओळखून. त्या दिवशी भाऊजींची पहिली मोठी कुस्ती होती, उत्तरेकडून आलेल्या एका मल्लाशी. घरातले सगळे पुरुष मैदानात गेले. मामंजी माडीवरच्या खिडकीखाली घोंगडी टाकून बसले. त्या खिडकीतून समोरच्या कौलांच्या फटीत मैदानाचा एक तुकडा दिसायचा.

"बघून सांग की काय हुतंय ते," ते सासूबाईंना म्हणाले.

"माझ्या पोराला कुनी आपटल्यालं मी बघू? न्हाय बा. सुनंला सांगा," म्हणून सासूबाई देवापुढे जाऊन बसल्या.

तोवर मी मामंजींसमोर एक शब्द बोलले नव्हते. माझा पहिला शब्द निघाला तो असा: "आले."

"कोन आलं? दोगं आलं आसतील. आपला कंचा?"

आपला कुठला, हे लंगोटाच्या रंगावरून कळत होतं. पण सासऱ्यासमोर लंगोट हा शब्द उच्चारायचा कसा? मी बराच वेळ खिडकीच्या गजाशी चाळा केला आणि म्हटलं, "तांबड्या वस्त्राचे." मामंजींच्या मिशा हलल्या. हसले असावेत.

मग मी सांगू लागले. मला डाव ठाऊक नव्हते, ठाऊक होतं ते स्वयंपाकघर. भाऊजींनी त्याला परातीतल्या गोळ्यासारखा दाबला, मी म्हणाले. तो भाकरीसारखा उलटता उलटता राहिला. भाऊजींनी वाकून त्याचा पाय ओढला. "पट काढला म्हन की," मामंजी म्हणाले आणि त्यांचा स्वतःचा हात घोंगडीवर तसाच सरकला. मैदानातली हलगी वाजायची, थांबायची. ती थांबली की त्यांचा श्वासही थांबायचा. ती पंचवीस पावलांची माडी त्या दुपारी केवढी मोठी झाली होती. मी सांगत होते कणभर, आणि ते ऐकत होते मणभर.

आणि मग फेटे उडाले. एक नव्हे, शेकड्यांनी, पाखरांचा थवा उठावा तसे. कौलं हादरतील असा गलका. वडगावच्या जत्रेत मी पाहिलं होतं, आपल्या गावचा गडी जिंकला तरच माणसं फेटे उडवतात. परका जिंकला तर मुकाट घरी जातात. मी ओरडले, "भाऊजी जिंकले." मामंजींनी तोंडावरून हात फिरवला आणि तो बराच वेळ तसाच ठेवला. सासूबाईंनी साखरेचा डबा माझ्या हातात दिला.

साखर वाटत गल्लीच्या टोकाला पोचले, तेव्हा भाऊजी येताना दिसले. अंगावर वाळलेली माती, एक कान सुजलेला. शेजारच्या अत्तरवाल्यांच्या म्हातारीने त्यांना धरून तोंडात साखर कोंबली. "हरलोय की मी, आज्जी," ते साखर चघळत म्हणाले. म्हातारी माझ्याकडे वळली. "म्या तर गिळली बाई. आता परत मागू नगंस."

मी चुलीपाशी जाऊन बसले. माहेरी पाठवतील, आईला काय सांगू, इथवर माझं मन धावलं. माडीवर भाऊजींचा आवाज ऐकू येत होता. "मैदानानं त्या परक्या गड्यासाठी फेटं उडवलं, आबा, आनि मग माझ्यासाठी बी. दोगास्नी खांद्यावर घेतलं." मामंजींनी एवढंच विचारलं, "कुस्ती चांगली झाली?" "झाली, आबा." कोल्हापूरचं मैदान माणूस कुठल्या गावचा ते पाहत नाही, त्याची कुस्ती पाहतं, हे मला त्या दिवशी धूर डोळ्यांत घेत कळलं.

पण वडगावची जत्रा ही माझी अर्धीच सबब होती. खरं असं, की शेवटच्या क्षणी तो दांडगा भाऊजींच्या अंगावर आला तेव्हा मी भीतीने डोळे मिटून घेतले होते आणि माझं सांगणंही तिथेच तुटलं होतं. उघडले ते गलक्याने, आणि समोर फेटेच फेटे. हे मी कुणाला सांगितलं नाही. आता ती माडी पाडून तिथे गच्ची झाली आहे, मैदान इमारतींच्या आड गेलं आहे, आणि रेडिओतला माणूस एकही चेंडू न चुकवता सगळं सांगतो. तरी तो मध्येच अडखळला, आवाज क्षणभर गेला, की माझा जीव तिथेच घुटमळतो. ऐकण्याचा खेळ त्या फटीतच असतो, असं मला वाटतं, आणि तो खेळ मला शिकवणाऱ्याने कुस्तीच्या त्या संध्याकाळी मला माडीवर बोलावलं. मी दाराआड उभी राहिले. मामंजी खिडकीकडे तोंड करून म्हणाले,

"पोरी, फुडल्या कुस्तीला बी तूच हुबी ऱ्हा. पर डोळं उघडं ठिवून सांग. मिटून ऐकाय मी हाय की."