माहेर पॅकेज

करारावर सही करायची सोडून बाई लेबर रूममध्ये गेल्या, त्या बाहेर यायचं नाव घेईनात. इकडे माझ्या केबिनमध्ये हायवेवरच्या नव्या हॉस्पिटलचे मॅनेजर ताटकळत बसले होते.

अकोल्याच्या जुन्या शहरात डॉक्टर बाईंचं छोटं मॅटर्निटी होम आहे. मी तिथला अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, म्हणजे गळक्या नळापासून विम्याच्या भांडणापर्यंत सगळं माझ्या गळ्यात. नवं हॉस्पिटल आलं आणि आमच्या खाटा रिकाम्या पडू लागल्या. त्यांच्याकडे नवजात बाळांचं आयसीयू, एसी, कॅशलेस. म्हणजे बिल विमा कंपनी परस्पर भरते. आमच्याकडे फक्त बाई, आणि त्याही थकलेल्या. शेवटी त्या टेकओव्हरला तयार झाल्या. इमारत आमची, नाव आणि नियम त्यांचे. मला ते मुळीच पटलं नव्हतं.

आत अकोटची रेहाना होती. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. पण तिची आई मागच्याच वर्षी गेली, आणि माहेरच्या घरात दुसरं बाईमाणूस नाही. रेहानाचा स्वतःचा जन्म बाईंच्याच हातचा.

"बाई, तुमी जाऊ नका!" तिचा आवाज केबिनपर्यंत येत होता.

"नाई जात बेटा. इथंच आहो मी."

मॅनेजर घड्याळ बघत म्हणाले, "आमच्याकडे शिफ्ट संपली की दुसरे डॉक्टर येतात. पेशंटला काही फरक पडत नाही."

मी त्यांच्यासाठी आणखी एक चहा सांगितला.

दुपार टळल्यावर बाई आल्या. रेहानाला मुलगी झाली होती. बाईंचे डोळे ओले होते.

"साहेब, मी सही नाई करत. डॉक्टर तर या पोरीले कुठंबी भेटला असता. ते माहेरी आली होती. माहेर कुठं शिफ्टनं चालते का?"

मला तिथल्या तिथे बाईंच्या पाया पडावंसं वाटलं.

पुढे साधा टाय-अप झाला. अवघड केस त्यांच्याकडे, बाकीच्या आमच्याकडे. वरच्या मजल्यावर आम्ही माहेर नसलेल्या बाळंतिणींसाठी खोल्या काढल्या. शेक, मालिश, डिंकाचे लाडू. धंद्याच्या भाषेत याला निश म्हणतात, म्हणजे मोठ्यांनी दुर्लक्षिलेला बाजाराचा कोपरा. खाटा हळूहळू भरल्या.

आता हायवेवाल्यांनीही 'माहेर पॅकेज' काढलंय. त्यांचे लाडू आमच्यापेक्षा चांगले आहेत, मी खाऊन आलोय. चाललेल्या गोष्टीची नक्कल होणारच, कुरकुर करू नये.

आमच्याकडून डिस्चार्ज घेताना मुली अजूनही रडतात. बिल बघून नाही, बाईंना सोडून जाताना.