धाकटीच्या जागी थोरली

गडचिरोलीजवळच्या एका उपकेंद्रात मी नर्स होते. सिकलसेलच्या तपासणीत बोटातला रक्ताचा थेंब औषधाच्या नळीत सोडायचा. नळी गढूळ झाली, की दंडातून रक्त घेऊन जिल्ह्याला पाठवायचं. माणूस आजारी आहे की नुसता वाहक, ते तिथं कळतं. वाहकाला सहसा त्रास नसतो, पण नवरा-बायको दोघंही वाहक निघाले, तर लेकराच्या जिवाशी खेळ. हे मी इतक्यांदा सांगितलं होतं, की गावातल्या म्हाताऱ्या मला पाहताच माझ्याआधी ते वाक्य म्हणून हसायच्या.

एका गोंड घरातल्या धाकट्या मुलीची नळी गढूळ झाली. तिचं लग्न मामाच्या मुलाशी ठरलं होतं. ज्या घरातून सून आणली, त्या घरी लेक देऊन दूध परत करायचं, अशी त्यांची रीत. थोरली तिथं आधीच दिलेली, आता धाकटी तिच्या दिराला. आईला मी म्हटलं, ही गोष्ट बाहेर जाणार नाही, पण पोरीला दंडातलं रक्त द्यायला घेऊन या. ती इतक्या पटकन हो म्हणाली, की माझ्या मनात पाल चुकचुकली.

दुसऱ्या दिवशी मायलेकी आल्या. मुलीच्या डोक्यावरून ओढणी, नजर खाली, बांधा धाकटीसारखाच. पण चप्पल काढली आणि पायाच्या बोटांवर जोडव्यांचे वळ दिसले. जोडवी घरी काढून ठेवता येतात, वळ कुठे ठेवणार? बहिणीच्या नावावर थोरलीच रक्त द्यायला आली होती. माझा पारा चढला. रक्त म्हणजे काय रेशनचा तांदूळ आहे, कुणीही जाऊन आणायला, असं मी आईला झापलं. ती रडायला लागली. पोरीत खोट निघाली तर भावाचं दार कायमचं बंद होईल, एवढंच म्हणत राहिली. मग मात्र मला तिची दया आली. लबाड नव्हती ती, घाबरली होती.

मी सुई ठेवून दिली, तशी थोरलीनं हात पुढे केला.

"घ्या बाई. माह्याच नावानं घ्या."

तिच्या दीड वर्षाच्या मुलीचे हातपाय सुजायचे, पोर कळवळून रडायची. सासरचे म्हणायचे नजर लागली. आई म्हणून हिलाच बोल लावायचे. मी तिचं रक्त घेतलं, आणि लेकराला आणायला लावून त्याचंही. नंतर धाकटीही येऊन देऊन गेली.

दोघी बहिणी वाहक निघाल्या. लेकरू आजारी निघालं, म्हणजे थोरलीचा नवराही वाहक. धाकटीच्या नवऱ्यामुलाचं रक्त चांगलं असेल तर खुशाल ढोल वाजवा, असं मी आईला सांगितलं. भावाच्या घरी जाऊन असं मागायची तिला हिंमत होईना. थोरली मात्र उठली, सासरी गेली आणि दिराला स्वतः घेऊन आली. तोही वाहक होता.

लग्न मोडलं. भावाला सांगायला आई स्वतः गेली. परतताना भाऊ तिला दारापर्यंतही सोडायला आला नाही. धाकटी चिडून माझ्याशी बोलेना. मला वाईट वाटलं, पण मी माघार घेतली नाही.

थोरली मुलीच्या गोळ्यांसाठी दर महिन्याला यायची. एकदा गोळ्यांची पुडी पदरात बांधता बांधता तिनं मला विचारलं. आवाजात राग नव्हता.

"माह्या लग्नाच्या आधी काऊन नाई आल्या, बाई, तुमी?"