कटिंगच्या कागदांवरचा लेप

ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत बसणाऱ्या बाईंना सगळे डॉक्टरीणबाई म्हणायचे. त्यांच्याकडे येणारं पुस्तक शेवटच्या घटका मोजतच यायचं, आणि त्याला हात लावण्याआधी बाई ते आणणाऱ्याला झापून काढायच्या. "इतके दिवस काय झोपला होतात?" हे त्यांचं स्वागताचं वाक्य. शिपाई पुस्तक टेबलावर ठेवून काढता पाय घ्यायचा.

औषध मात्र साधं होतं. झाडांच्या लगद्यापासून केलेली पांढरी भुकटी गार पाण्यात भिजत घालायची. फुगून तिचा स्वच्छ, बुळबुळीत चीक होतो. त्यात गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ मिसळायची. हा लेप रुंद, मऊ ब्रशने पानावर फिरवायचा आणि पान जाळीवर वाळत ठेवायचं. बोट लागताच मोडणारं पान वाळल्यावर पुन्हा उलटता यायचं. प्लास्टिकच्या चकचकीत आवरणांचा बाईंना मनापासून राग होता. त्यात पान कोंडलं की जन्माचं कोंडलं. "माझा लेप उद्या नको झाला तर पाण्याने निघतो," असं त्या दिसेल त्याला ऐकवायच्या. आजवर आपल्या हातून एक पान बिघडलेलं नाही, हेही ऐकवायच्या. ते खरं होतं, म्हणून ऐकणाऱ्याला जास्तच टोचायचं.

घरी मात्र याच डॉक्टरीणबाई नुसत्या 'चिमी' होत्या. नवरा गेल्यावर त्या थोरल्या बहिणीकडे राहायला आल्या होत्या, आणि ताईच्या राज्यात त्यांचं काही चालत नसे. ताई कपडे शिवायची, पण ज्यांना दुकानातले तयार कपडे बसतात त्यांचे नाही. कुणाचा एक खांदा पडलेला, कुणाचा हात आखूड, कुणाच्या पाठीला कुबड, अशी माणसं लांबून तिच्याकडे यायची. प्रत्येकाच्या मापाचा कटिंगचा कागद तिने कापून ठेवला होता. शिलाई मशीनच्या मागची अख्खी भिंत त्या कागदांनी भरली होती. समोरच्या गल्लीतले घड्याळजी तरुणपणापासून तिच्याच हातचा कोट घालत आले होते. त्या कोटात त्यांचं कुबड आहे की नाही, असा प्रश्न पडायचा.

अलीकडे ताईची नजर फार अधू झाली होती. टेपवरचे आकडे दिसेनासे झाले, तेव्हा तिने नवीन माप घेणं बंद केलं. पण जुन्या कागदाची कड बोटांनी चाचपत ती कापडावर कात्री अशी चालवायची, की बघणाऱ्याचा जीव टांगणीला लागावा. कागद होते म्हणून तिचं काम चालू होतं, आणि आता ते कागदच जीर्ण झाले होते. टाचणी लावली की कपटा हातात यायचा.

"चिमे, तुझं ते औषध माझ्या कागदांना चालेल का गं?" ताईने विचारलं.

ताई कुणाकडे काही मागणाऱ्यातली नव्हती. चिमी फुलून गेली. "चालेल म्हणजे काय? धावेल."

सुट्टीच्या दिवशी तिने घरभर दोऱ्या बांधल्या, झाडून सगळ्या कागदांना लेप दिला आणि वाळत घातले. वाळल्यावर ते असे चिवट झाले, की ताई एकेक कागद हातात घेऊन त्याच्या कडेवरून पुन्हा पुन्हा बोट फिरवत राहिली.

त्या कागदांवर पहिला कोट घड्याळजींचा झाला. त्यांनी तो घातला आणि आरशाकडे न बघताच म्हणाले, "झकास."

त्यांना हात नीट पुढे घेता येत नव्हता. ताईने त्यांच्या पाठीवरून तळवा फिरवला. कुबडापाशी कापड ताणलेलं होतं.

"काढा तो," ती म्हणाली.

"राहू द्या हो ताई. मीच जरा सुटलोय."

"तुम्ही होतात तसेच आहात. माझा हात गेला."

त्या दिवशी तिने मशीनवर चादर टाकली ती काढलीच नाही. जेवायची, झोपायची, विचारलं तेवढं बोलायची. मोठी कात्री पलीकडच्या शिंपीणबाईला देऊन टाकायची, असं तिने ठरवलं. चिमीने समजूत घातली. वय कुणाला चुकलंय, म्हणाली. पुढे ते शब्द आठवले की तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटायचं.

मग एक दिवस ग्रंथालयात तिच्या टेबलावर एका जुन्या नकाशाचे दोन तुकडे आले. एकाला लेप देऊन झाला होता, दुसरा अजून कोरडा होता. तिने सहज ते शेजारी शेजारी ठेवले. वरच्या टोकाला जुळले, पण खाली येईपर्यंत एकीकडचे रस्ते दुसरीकडच्या रस्त्यांना चुकत गेले.

चिमीने पट्टी लावून बघितलं. लेप दिलेला तुकडा आखूड भरला. भिजलेला कागद वाळताना आखडतो, हे तिला काय नवीन होतं? पण पुस्तकाचं पान सूतभर आखडलं तर अक्षरंही सोबत आखडतात. वाचणाऱ्याला पत्ता लागत नाही, म्हणून तिने कधी त्याची पर्वा केली नव्हती. पण ताई कापड दुमडून कापायची, म्हणजे कोटाच्या पाठीत ते सूत दुप्पट होतं, बगलेत आणखी वाढतं. ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आली.

ताई दाराशी बसली होती. कात्री फडक्यात गुंडाळून मांडीवर ठेवलेली.

"ताई, तो कोट माझ्यामुळे बिघडला," चिमी चपलाही न काढता म्हणाली, आणि सगळं सांगून टाकलं.

"किती कागद आखडलेत?"

"सगळे. आता लेप धुऊन काढला तरी ते पहिल्या मापावर येणार नाहीत. तुझं जन्मभराचं काम मी घालवलं गं."

चिमी शिव्यांची वाट बघत उभी होती. शिव्या आल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"म्हणजे कड मी बरोबर धरली होती?" ताईने विचारलं.

"अगदी बरोबर. कागद होता तसाच कोट निघाला."

ताईचा चेहरा आधी कसनुसा झाला आणि मग ती हसायला लागली, डोळ्यांतून पाणी वाहत असताना. भिंतीवरचा एकही कागद आता कामाचा उरला नव्हता आणि ही बाई आनंदाने रडत होती. ते बघून चिमीलाही हुंदका आवरेना.

"तू कशाला रडतेस?" ताई फडकं सोडत म्हणाली. "घड्याळजींना बोलाव जा. नवीन कागद करू. बोटं माझी, टेपवरचे आकडे तू वाच. त्यांना सांग, कोट माझ्या हातून बिघडला नव्हता. आधी तेवढं सांग."